पाहुण्यांची वही

गौरी-गणपतीला माझी भाची बेंगळूरहून येते. ती तिथे एका जाहिरात कंपनीत आहे. ही कंपनी साबणाच्या किंवा सिमेंटच्या जाहिराती करीत नाही, फक्त पर्यटनाच्या करते. हॉटेलं, जंगलातली रिसॉर्ट्स, एखाद्या राज्याचं पर्यटन खातं, अशी त्यांची गिऱ्हाइकं. पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "आत्ती, आम्ही गावं विकतो." तेव्हा मी तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं. गाव ही काय विकायची वस्तू आहे? पण दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत आमच्याच घरचं गाव विकायची वेळ आली, आणि मग तिचा धंदा काय असतो ते मला जरा कळलं. तीच गोष्ट आज सांगते.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचे वडील, नोकरी सोडून जांबोटीच्या पुढे आमच्या जुन्या घरी राहायला गेला. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्यांना हा रस्ता पाठ आहे. मलप्रभा जिथे उगवते ती कणकुंबी तिथून जवळच. पाऊस असा की जूनमध्ये वाळत घातलेलं कापड सप्टेंबरात वाळावं. भावाने कर्ज काढून घराला तीन खोल्या जोडल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. भावजय मूळची धारवाडची, माहेर कन्नड. तिच्या हातची जोंधळ्याची भाकरी आणि एण्णेगाई एकदा खाल्ली की माणूस परत येतं, हे आम्हा घरच्यांना ठाऊक. बाहेरच्यांना कसं कळावं?

भावाने आपल्या परीने जाहिरात केली. घरामागे ओढा आहे. पावसात तो एका कातळावरून उडी घेतो. त्याचा फोटो काढून मोबाइलवरून सगळीकडे पाठवला आणि रस्त्यावर पाटी लावली, 'निसर्गाच्या कुशीत'. त्या पावसाळ्यात फोटो कुणाकुणाच्या हाती लागला देव जाणे. दर रविवारी वीस-वीस गाड्या येऊ लागल्या. पोरं ओढ्यात उतरायची, गाडीचे दरवाजे उघडे टाकून गाणी लावायची आणि संध्याकाळी निघून जायची. खोल्या रिकाम्याच. श्रावणात शेजाऱ्यांच्या बैलाच्या खुरात फुटकी बाटली गेली. भाताच्या चिखलात काच दिसत नाही. शेजारी भांडले नाहीत, फक्त बोलायचे बंद झाले. आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचं ते घर. ते अबोला धरून बसले हे भावजयीला फार लागलं.

गणपतीत सगळे जमलो तेव्हा घरात सरळ दोन पक्ष होते. भाऊ म्हणत होता, जाहिरात आणखी जोरात करायची, रविवारच्या शंभर माणसांतली दहा तरी मुक्कामाला राहतील, बँकेचा हप्ता थांबत नाही. भावजय म्हणत होती, "बंद माडोणु. पाटी काढा." आणि दोघांचंही बघणं मुलीकडे. तू एवढी मोठी जाहिरातवाली, सांग आता.

मला वाटलं, ही आता कागद घेईल, डोळे मिटेल आणि झकास वाक्य काढील. जाहिरात म्हणजे वाक्य, अशी माझी समजूत. तुमचीही असेल. तिने वाक्यबिक्य काही काढलं नाही. म्हणाली, "बाबा, पाहुण्यांची वही आणा."

आता ही वही म्हणजे काय? लॉजमध्ये आपल्यापुढे सरकवतात तसलीच. नाव, गाव, माणसं किती, आले कधी, गेले कधी, फोन नंबर. भाऊ पतसंस्थेत होता, त्यामुळे वही स्वच्छ. दोन वर्षांची पानं सोप्यावर पसरून भाची बसली आणि मला म्हणाली, "आत्ती, तू वाच, मी मांडते."

दोन तासांनी तिच्या कागदावर जे उतरलं ते बघून भाऊसुद्धा गप्प झाला. मुक्कामाला राहिलेली बहुतेक मंडळी गोव्याला जाणारी नव्हती आणि पुण्या-मुंबईचीही नव्हती. ती हुबळी, धारवाड, गदग आणि आपल्या बेळगाव शहरातली होती. ती रविवारी आलेली नव्हती, सुट्ट्या लागल्यावर आलेली होती. दोन-तीन रात्री राहिलेली. आणि अकरा कुटुंबं अशी, की ज्यांचं नाव वहीत दोनदा होतं. धबधब्यासाठी येणाऱ्या गर्दीतला एकही माणूस वहीत नव्हता. कसा असेल? तो राहिलाच नव्हता.

भाची म्हणाली, आमच्या ऑफिसात तीन टेबलं असतात. एका टेबलावर आकडेवाले. कोणत्या शहरातून कोण किती वेळा जाहिरात बघतं, त्यातले किती जण फोन करतात, फोन करणाऱ्यांतले किती जण खरंच येतात, हे ते मोजतात. दुसऱ्या टेबलावर कल्पनावाले. चित्र, वाक्य, गाणं त्यांचं. तिसऱ्या टेबलावर बसतात ते ठरवतात की नेमकं कोणाशी बोलायचं. पहिल्या दोन टेबलांची रोज भांडणं. आकडेवाले म्हणतात, समुद्राच्या फोटोवर जास्त बोटं पडतात, समुद्रच लावा. कल्पनावाले म्हणतात, सगळ्यांचेच समुद्र सारखे दिसतात, मग आपला कशाला कोण लक्षात ठेवील? दोघांचंही खरं असतं. निकाल तिसऱ्या टेबलाने द्यायचा.

समजावून सांगायला तिने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची गोष्ट सांगितली. तिथलं समुद्रातलं प्रवाळ, ग्रेट बॅरियर रीफ, जगाला माहीत होतं. लोक यायचे, बोटीतून बघायचे आणि परतायचे. तिथल्या बेटांवर मुक्काम करता येतो हे फारसं कोणाच्या ध्यानात नव्हतं. 2009 साली तिथल्या पर्यटन खात्याने जाहिरात दिली ती चक्क नोकरीची. हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहायचं, आसपासची बेटं हिंडायची, त्याबद्दल लिहायचं आणि दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर पगार घ्यायचा. अर्ज म्हणून एका मिनिटाची चित्रफीत पाठवायची. चौतीस हजारांवर अर्ज आले, निवड झाली ती बेन साउथॉल नावाच्या इंग्रज माणसाची. नोकरी मिळाली एकाला, पण 'बेटावर राहायचं' हा विचार साऱ्या जगाच्या डोक्यात गेला.

"बघ आत्ती," ती म्हणाली, "कल्पना सगळ्यांना दिसते. पण लोक बघून परत जातात, राहत नाहीत, हे आधी कोणीतरी ध्यानात घेतलं होतं. आपलंही तेच दुखणं आहे. ओढा बघतात आणि जातात."

मला हे पटलं, पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी म्हटलं, "वही सगळं सांगते होय गे? सौंदत्तीच्या यल्लम्माला मार्गशीर्षातल्या पुनवेला कोल्हापूरकडून केवढी माणसं जातात. ट्रॅक्टरनं, एसटीनं, बैलगाडीनं. डोंगरावर चूल मांडतात, उघड्यावर निजतात, कन्नड मराठी एकत्र उदं उदं म्हणतात. ती कोणत्या लॉजच्या वहीत सापडणार?"

ती हसली. म्हणाली, बरोबर बोललीस. हॉटेलांच्या नोंदींवरून मोजायला गेलं तर अशी माणसं निसटतात. मोबाइलवरून मोजायला गेलं तर ज्या म्हातारीकडे मोबाइल नाही ती निसटते. म्हणून आकड्यांना आधी विचारायचं असतं की बाबा रे, तू कोणाला मोजलं नाहीस? आणि आणखी एक. वही सांगते अकरा कुटुंबं परत आली. का परत आली ते सांगायला वहीत रकानाच नाही.

तो रकाना भावजयीच्या डोक्यात होता.

तिला आम्ही स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. एकेक नाव वाचलं की ती सांगे. हे गदगचे, यांच्या आईचा गुडघा दुखतो. हे हुबळीचे, यांचे वडील काठी घेऊन चालतात, त्यांना मी खिडकीजवळची खाट दिली होती. या धारवाडच्या बाई सासूला घेऊन आल्या होत्या, सासूला रात्री तीनदा उठायला लागतं. अकरांपैकी नऊ घरांत म्हातारं माणूस होतं! आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमची आई शेवटची सहा वर्षं त्या घरात होती आणि तिचे गुडघे गेले होते. म्हणून नव्या खोल्या बांधताना भावाने सगळं एका पातळीवर घेतलं होतं. दाराला उंबरा नाही, पायरी नाही. न्हाणीघरात कमोड आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा. आईसाठी म्हणून एकदा मोजमाप ठरलं, मग गवंड्याने तीनही खोल्यांना तेच केलं. आई त्या नव्या खोल्यांत एक पावसाळा राहिली. आमच्या दृष्टीने ती आईची आठवण होती. पण ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना विचारा. सहलीला निघताना त्यांचा पहिला प्रश्न धबधबा किती उंच हा नसतो. तिथे संडास कसला आहे, हा असतो. त्यापायी म्हातारीला शेजारणीवर सोपवून लोक जातात, नाहीतर जातच नाहीत.

एवढी मोठी गोष्ट घरात होती आणि आम्ही जाहिरात करीत होतो ओढ्याची.

आता वाक्याची वेळ आली. भाऊ म्हणाला, 'निसर्गाच्या कुशीत' राहू दे, त्याखाली बाकीचं लिहू. भाचीने एकच विचारलं, "बाबा, चोर्ला रस्त्यावर हे वाक्य आणखी किती पाट्यांवर आहे?" भावाने बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. जे वाक्य शेजारच्याच्या पाटीवर जसंच्या तसं चालतं ते आपलं नव्हे, हा तिच्या धंद्यातला साधा नियम आहे म्हणे.

मग तिने केरळचं सांगितलं. 'गॉड्स ओन कंट्री' हे वाक्य 1989 साली मुद्रा या जाहिरात कंपनीतल्या वॉल्टर मेंडेझ यांनी केरळ पर्यटनासाठी दिलं. साडेतीन दशकं झाली, अजून चाललं आहे. तिच्या मते ते टिकलं याचं कारण नुसते शब्द नव्हेत. वाक्याच्या मागे काहीतरी करीत राहावं लागतं. 2008 पासून कुमारकोममध्ये त्यांनी अशी व्यवस्था बसवायला घेतली की हॉटेलांना लागणारी भाजी गावातल्या बायकांच्या गटांकडून घ्यायची. पाहुणा आला की चार पैसे गावात राहिले, तर गाव पाहुण्याकडे हसून बघतं. नाहीतर देवाचं घर म्हणायचं आणि शेजारी दार लावून बसायचे.

शेजारी हा शब्द आला तशी भावजय उठून आत गेली. बैलाचा विषय तिच्या मनातून गेलेला नव्हता.

वाक्य शेवटी तिच्याकडूनच आलं. गदगच्या त्या बाईंचा नेमका त्या दिवशी फोन आला, दसऱ्याला येऊ का म्हणून. भावजय फोनवर म्हणाली, "अज्जीन करकोंड बर्री, इल्ली मेट्टिलाच इल्ल." आजीला घेऊन या, इथे पायऱ्याच नाहीत. भाचीने मान वर केली. बस्स, तेच. दुसऱ्या दिवशी पाटी खाली उतरली. नवी पाटी दोन भाषांत रंगवली. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, 'अज्जीला घेऊन या. इथे पायऱ्या नाहीत.' मराठीतसुद्धा आजी न लिहिता अज्जीच ठेवलं. आपल्याकडे दोन्ही घरांत अज्जी म्हटलं की कोण ते कळतं.

फोटोचं काय? भाचीने एक गंमत केली. तोच मजकूर, तेच पैसे, पण दोन वेगळे फोटो घेऊन आठ दिवस मोबाइलवर जाहिरात दिली. एकात ओढा, दुसऱ्यात सोप्यावरची आरामखुर्ची आणि पलीकडे पाऊस. ओढ्याच्या फोटोवर फोनच फोन. खुर्चीच्या फोटोवर मोजून सात. पण त्या सातांतले चार मुक्कामाला आले आणि ओढ्याच्या फोनवाल्यांतला एकच. भाऊ म्हणाला, फोन तर तिकडे जास्त आले! भाची म्हणाली, "बाबा, फोन मोजायचे की रात्री मोजायच्या, ते आधी ठरवा."

ओढ्याचा फोटो काढून टाकायचा हे ठरलं तेव्हा भाऊ मनातून नाराज होता. आलेलं गिऱ्हाईक हाकलायचं ही कुठली व्यापारी रीत? तेव्हा तिने ॲमस्टरडॅमचं उदाहरण दिलं, ते मला अजून आठवतं. त्या शहराने 2004 साली 'आय ॲमस्टरडॅम' ही घोषणा काढली. संग्रहालयासमोर तिची माणसाहून उंच अक्षरं उभी केली. जगभरचे लोक त्या अक्षरांवर चढून फोटो काढायला लागले. गर्दी इतकी वाढली की 2018 साली शहराने ती अक्षरं तिथून हलवली. आणि 2023 साली तर उलटी जाहिरात केली. इंग्लंडातला एखादा तरुण दारूच्या पार्टीसाठी ॲमस्टरडॅमची माहिती मोबाइलवर शोधायला लागला, की त्याच्यासमोर सूचना यायची, त्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस. ज्या युक्तीने पाहुणे बोलावतात त्याच युक्तीने त्यांनी 'नको' सांगितलं. कोणाला बोलवायचं नाही हे ठरवणं हेसुद्धा तिसऱ्या टेबलाचं काम आहे.

आपल्या खानापूर तालुक्यातच याचं मोठं उदाहरण आहे. भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. तिथे राहणारं एका जातीचं वटवाघूळ कित्येक वर्षं जगात फक्त त्या गुहेत माहीत होतं. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळलं. भीमगडला 2011 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. आता त्या गुहेचा सुंदर फोटो कोणी गाजवला तर? दर रविवारी वीस गाड्या तिथे पोचल्या तर? पर्यटन वाढावं म्हणणाऱ्यांनीच कुठे पाटी लावायची नाही हेही सांगायला हवं. मराठीत आपण म्हणतो अंथरूण पाहून पाय पसरावे, कन्नडमध्ये म्हणतात 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांनी तेच सांगून ठेवलं आहे.

आता पुढे काय झालं ते. सगळं छान झालं असं लिहिलं तर ती जाहिरात होईल.

पहिला पावसाळा वाईट गेला. ओढ्याच्या वाटेला भावाने काटेरी झाप लावला. काही गाड्या आल्या, शिव्या देऊन गेल्या. रविवारी भजी आणि चहा विकून जे चार पैसे मिळत तेही बंद झाले. दोन हप्ते काजूच्या पैशांतून भरले. भाऊ मुलीशी महिनाभर तुटक बोलत होता. ती बेंगळूरहून रोज फोन करी आणि आईकडून एकच गोष्ट विचारून घेई, आज वहीत काय लिहिलं? कारण तिने वहीत दोन नवे रकाने आखून दिले होते. एक, 'कशासाठी आलात?' आणि दुसरा, 'कोणी सांगितलं?'

दुसऱ्या रकान्याने हळूहळू रंग दाखवला. 'गदगच्या मावशींनी सांगितलं.' 'धारवाडच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ऐकलं.' 'नणंदेने सांगितलं.' पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचं नाव त्यात क्वचित. भाची हे बघून खट्टू होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, जाहिरातीने पहिलं घर यावं, पुढची घरं त्या घराने आणावीत. एवढं झालं की माझं काम संपलं.

आज तीनही खोल्या दसरा-दिवाळीला आणि मे महिन्यात भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये एखादी भरते. कर्ज फिटलेलं नाही, पण हप्ता चुकत नाही. शेजाऱ्यांकडून भावजय आता पाहुण्यांसाठी दूध घेते, महिन्याच्या महिन्याला हिशेब चुकता करते. बोलणं सुरू झालं आहे. पूर्वीसारखं नाही, दुधापुरतं.

यंदा गणपतीला मी तिथे गेले तेव्हा वही चाळली. हुबळीच्या एका आजींनी स्वतःच्या हाताने, मोठ्या मोठ्या कन्नड अक्षरांत 'कशासाठी आलात?' या रकान्यात लिहिलं होतं. मी भावजयीकडून वाचून घेतलं. लिहिलं होतं, "सुनेने या वेळी मला घरी ठेवलं नाही."

तर मंडळी, सुट्टीत कुठे गेलात आणि लॉजवर वही पुढे आली, की नाव-गाव लिहून पुढे सरकवू नका. 'येण्याचे कारण' असा रकाना असतो, त्यात आपण सगळेच 'पर्यटन' लिहून मोकळे होतो. जरा खरं कारण लिहा. कोणीतरी ते वाचायला बसलेलं असतं.